चीनला निघताना आधी फोन भरा, मग बॅग

वाचकाचं पत्र:
"ताई, आम्ही नाशिकचे. मी नुकतीच शाळेतून निवृत्त झाले, यजमान बँकेतून दोन वर्षांपूर्वी. दुबई, सिंगापूर, युरोप सगळं टूर कंपनीबरोबर पाहून झालं. यंदा दिवाळी आटोपली की नोव्हेंबरात आपलं आपण शांघायला जावं असं माझ्या मनात आहे. हातात नऊ दिवस आहेत. यजमान म्हणतात, भाषा येत नाही, व्हॉट्सॲप चालत नाही, खायला बेडूक नि साप, त्यात त्यांचं-आपलं वाकडं, कशाला विकतचं दुखणं? आम्ही शाकाहारी आहोत, अंडं चालतं. भाचा म्हणतो, चीनला जाताय तर बीजिंग, शिआन, शांघाय तिन्ही उरकून या. त्यात सासूबाई, वय 74, म्हणतात मलाही न्या. काय करू?"
– नाशिकची एक वाचक

बाई, (निवृत्त झालात तरी मी बाईच म्हणणार, शाळेची सवय जात नाही)

आधी माझी फजिती ऐका. शांघायच्या पुडोंग विमानतळावर मी पहिल्यांदा उतरले तेव्हा पर्समध्ये दोन कार्डं, थोडे डॉलर आणि बॅगेत दोन किलो चिवडा-चकली अशी जय्यत तयारी होती. अलिपे नावाचं पैसे द्यायचं ॲप फोनमध्ये घेतलं होतं, पण त्याला कार्ड जोडायचं काम "तिथे पोचल्यावर बघू" म्हणून ठेवलेलं. पोचल्यावर बघितलं. कार्डाचा नंबर टाकला, बँकेने इमानेइतबारे ओटीपी पाठवला, तो माझ्या भारतातल्या नंबरवर. आणि त्या नंबरचं रोमिंग मी चालूच केलं नव्हतं. मग डॉलर मोडले. हातात शंभराच्या नोटा आल्या, नि समोरच्या पाण्याच्या यंत्रावर नुसता क्यूआर. पाऊण तास मी त्या यंत्राकडे आणि ते माझ्याकडे बघत होतं. शेवटी तिथली सफाई करणारी एक बाई आली, माझा हात धरून मला कोपऱ्यातल्या नळापाशी घेऊन गेली आणि तिथलं फुकटचं गरम पाणी दाखवलं. तिला माझं एक अक्षर कळत नव्हतं, मला तिचं.

हे सांगितलं कारण तुमच्या यजमानांची भीती खरी आहे, फक्त तिचं नाव चुकलंय. भाषा, जेवण, निरोप, पैसे, रस्ता, या पाचही गोष्टी तिकडे फोनमधून जातात. फोन तयार असला की शांघाय हे मुंबईपेक्षा सोपं शहर आहे. नसला, तर तुम्ही दोन पदव्या घेतलेल्या निरक्षर. आणि ही तयारी नाशिकला, सोफ्यावर बसून, घरच्या वायफायवर आणि चालू सिमकार्डावर करायची असते, तिथे उतरून नाही.

तर कामाला लागा. पहिलं अलिपे. आपल्याकडे भाजीवालीच्या टोपलीशेजारी यूपीआयचा क्यूआर असतो ना, तसाच तिथेही सगळीकडे असतो, फक्त आपलं यूपीआय तिथे चालत नाही आणि रुपे कार्डही या कामाचं नाही. अलिपेला 2023 पासून परदेशी व्हिसा आणि मास्टरकार्ड जोडता येतात. पासपोर्टचा फोटो देऊन ओळख पक्की करायची, कार्ड जोडायचं, झालं. त्याआधी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन त्या कार्डाचा 'इंटरनॅशनल' वापर सुरू करा. आपल्याकडे तो मुळातच बंद असतो आणि निम्म्या लोकांची गाडी इथेच अडते. तुमचे यजमान बँकेतलेच, त्यांना हे काम द्या, म्हणजे सहलीत त्यांचाही जीव अडकेल. दोघांच्या दोन फोनवर दोन वेगळी अलिपे, दोन वेगळ्या बँकांची कार्डं. एक अडलं तर दुसरं. 200 युआनपर्यंतच्या खर्चावर अलिपे वरचा आकार घेत नाही, त्यापुढे 3 टक्के घेतं. एक युआन आपले बारा-तेरा रुपये धरा, म्हणजे अडीच हजार रुपयांपर्यंत काही जास्तीचं जात नाही. हॉटेलचं बिल मोठं असतं, ते इथूनच भरून टाका.

पैसे द्यायच्या दोन तऱ्हा असतात तेवढ्या समजून घ्या. एक, दुकानदाराचा कोड तुम्ही स्कॅन करायचा, ही आपल्या ओळखीची. दुसरी, तुमच्या फोनवरचा कोड तुम्ही दाखवायचा आणि तो दुकानदार मशिनने टिपतो. दुकानांत, बेकरीत दुसरीच जास्त. पहिल्या दिवशी मी दर वेळी फोन त्यांच्याकडे करायच्या ऐवजी माझ्याकडे धरून कोड शोधत बसायचे आणि मागची रांग शांतपणे सुस्कारे टाकायची. हे मात्र दोन दिवसांत जमतं. जोडीला हजार-दीड हजार युआन रोख ठेवा, दहा-वीसच्या नोटांत. रोख घ्यायला नाही म्हणणं तिथे कायद्याने चालत नाही, पण सुटे नाहीत म्हणून हात वर करणं चालतं.

वीचॅटच्या नादी लागू नका. तिथे सगळं जग त्यावर चालतं हे खरं, पण आपल्या सरकारने जून 2020 मध्ये बंदी घातलेल्या ॲपांत ते होतं (त्याच वर्षीच्या सप्टेंबरच्या यादीत अलिपेचंही नाव होतं, तेव्हा ते आपल्याकडे रीतसर मिळतंय ना, हे आधी बघा). भाचा म्हणेल, कुठून तरी उतरवून देतो. नको. अलिपेत मेट्रोचं तिकीट आहे, टॅक्सी बोलवायची सोय आहे, भाषांतरही आहे. नऊ दिवसांना पुरून उरतं.

आता व्हॉट्सॲप. चीनमध्ये व्हॉट्सॲप, गूगल, जीमेल, यूट्यूब, फेसबुक बंद आहे, ही ऐकीव गोष्ट नाही. पण ते बंद आहे तिथल्या इंटरनेटवर. तुम्ही आपलं भारतातलं सिम रोमिंगवर नेलंत, किंवा चीनबाहेरच्या कंपनीचं प्रवासी ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्येच उतरवायचं सिम) घेतलंत, तर तुमचं इंटरनेट मूळ नेटवर्कातून फिरून येतं आणि व्हॉट्सॲप नेहमीसारखं चालतं. म्हणजे रस्त्यावर, मेट्रोत, बागेत व्हिडिओ कॉल लागतो आणि हॉटेलच्या खोलीत वायफायला जोडलं की मेला गप्प. लोक इथेच घाबरतात. वायफाय बंद करा, मोबाइल डेटावर या, लागेल. व्हीपीएनच्या, म्हणजे बंदी चुकवणाऱ्या ॲपच्या, भानगडीत पडायची तुम्हाला गरज नाही. मुलांना निघण्यापूर्वीच सांगून ठेवा की एखाद दिवस निरोप आला नाही तर पोलिसात जाऊ नका.

गूगल मॅप्स मात्र रोमिंगवर उघडला तरी त्यावर विसंबू नका. चीनमध्ये नकाशाची मोजणीच वेगळ्या पद्धतीची आहे, त्यामुळे गूगलवर तुम्ही असता एका चौकात आणि ठिपका दिसतो पलीकडच्या गल्लीत. आयफोन असेल तर त्यातला नकाशा तिथे चांगला चालतो. नसेल तर अमॅप नावाचा तिथला नकाशा इंग्रजीत मिळतो. भाषांतराच्या ॲपमध्ये चिनी भाषा आधीच उतरवून ठेवा, इंटरनेट नसतानाही चालते. कॅमेरा मेन्यूवर धरला की अक्षरं इंग्रजीत उमटतात. कधी कधी जे उमटतं ते वाचून भूक मरते, पण अंदाज येतो.

आणि एवढं सगळं फोनवर असताना एक कागद जवळ असू द्या. हॉटेलचं नाव, पत्ता, फोन नंबर, चिनी अक्षरांत, मोठ्या टायपात छापलेला. तिघांच्या खिशात एकेक. इंग्रजी नाव टॅक्सीवाल्याला सांगून उपयोग नसतो. हॉटेलांची चिनी नावं अगदीच निराळी असतात. फोन मेला, माणूस हरवलं, तरी हा कागद घरी आणून सोडतो. फोन मरू नये म्हणून आपण पॉवर बँक नेतो, त्यावरून आठवलं: जून 2025 पासून चीनच्या देशांतर्गत विमानांत त्यांचा '3सी' शिक्का नसलेली पॉवर बँक नेऊ देत नाहीत. तुम्ही आत विमानाने फिरणार नसाल तर अडचण नाही, आणि दुकानादुकानांत भाड्याने पॉवर बँक मिळतेच.

आता भाच्याच्या बेताबद्दल. त्याला म्हणावं, तू जा. बीजिंग ते शांघाय रेल्वेने 1318 किलोमीटर आहे. गाडी ताशी 350 च्या वेगाने साडेचार तासांत पोचवते हे खरं, पण स्टेशनवर आधी जायचं, सामान तपासून घ्यायचं, पासपोर्ट दाखवायचा, उतरल्यावर नवं हॉटेल शोधायचं, यात दिवस गेला. तीन शहरं म्हणजे नवातले तीन दिवस बॅगा भरण्यात. 74 वर्षांच्या बाई बरोबर असताना तर नकोच. माझं मत विचाराल तर शांघायमध्ये एकच हॉटेल, सात रात्री, तिथूनच एक दिवस सुझोऊ आणि जमलं तर एक दिवस हांगझोऊ. सुझोऊ अर्ध्या तासावर आहे, तिथल्या जुन्या बागा युनेस्कोच्या यादीत आहेत आणि बाग म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जी हिरवळ-कारंजी येतात तसलं तिथे काहीच नाही: पाणी, दगड, भिंतीतली गोल दारं आणि त्यातून दिसणारं एखादंच झाड. हांगझोऊचं पश्चिम सरोवर तासाभरावर.

"चीनला जाऊन भिंत नाही बघितली?" असं नाशिकचे शेजारी विचारतील. यजमानांचाही जीव भिंतीत अडकला असेल, तर शहर बदला, शांघाय जोडू नका. पण नोव्हेंबरच्या मध्यावर बीजिंगला रात्री पारा शून्याशी येतो, आणि तिथल्या जुन्या राजवाड्याची तिकिटं सात दिवस आधी, पासपोर्ट नंबर टाकून काढावी लागतात आणि भराभर संपतात. शांघायला त्याच दिवसांत आपल्या नाशिकच्या थंडीसारखी हवा असते, स्वेटर-शाल पुरते. तुम्ही निवडलेले दिवस उत्तम आहेत. ऑक्टोबरचा पहिला आठवडा तेवढा चुकवायचा असतो, अख्खा देश सुट्टीवर बाहेर पडलेला असतो. तो तुम्ही चुकवलाच आहे.

व्हिसा भारतीयांना लागतोच. इंटरनेटवर '240 तास विनाव्हिसा' असं काही वाचाल, त्या देशांच्या यादीत आपण नाही. मुंबईच्या चिनी व्हिसा केंद्रात पर्यटन व्हिसाचा अर्ज करायचा: आधी ऑनलाइन फॉर्म, मग जाण्या-येण्याची तिकिटं, हॉटेलचं बुकिंग, बँकेचं स्टेटमेंट. गणपती उठले की लागा या कामाला, कारण ऑक्टोबरच्या सुट्टीत कामं रेंगाळतात. कोविडपासून बंद असलेली थेट विमानं 2025 च्या ऑक्टोबर अखेरीपासून पुन्हा सुरू झाली आणि नोव्हेंबरात दिल्ली-शांघायही चालू झालं; मुंबईहून मात्र हाँगकाँग, बँकॉक किंवा सिंगापूरला बदलून जाणंही तितकंच सोयीचं पडतं. उतरल्यावर भरायचं आगमनाचं कार्ड आता घरूनच ऑनलाइन भरता येतं.

पुडोंगहून शहरात यायला तीन वाटा. मॅग्लेव्ह नावाची रुळाला न टेकणारी गाडी 30 किलोमीटर आठ-एक मिनिटांत नेते, तिकीट 50 युआन, त्याच दिवशीचं विमानाचं तिकीट दाखवलं तर 40. पूर्वी ती ताशी 431 ने पळायची, आता 300 ने, तरी खिडकीतून शेजारच्या मोटारी उभ्या असल्यासारख्या दिसतात. पण ती शहराच्या अलीकडेच, लोंगयांग रोडला सोडते. तिथून सामान घेऊन मेट्रो. म्हणून येताना थकलेल्या सासूबाईंना घेऊन टॅक्सीने जा, दोनशे युआनच्या आसपास पडेल, आणि मॅग्लेव्ह परतीला ठेवा. टॅक्सी बाहेरच्या रांगेतूनच घ्या. आत 'टॅक्सी, टॅक्सी' करत जवळ येणारा माणूस कल्याण स्टेशनवरचा असो की शांघायचा, एकाच शाळेतला.

हॉटेल मेट्रोच्या 2 नंबरच्या लाइनवर घ्या, पीपल्स स्क्वेअर किंवा चिंगआन मंदिराच्या आसपास. ही लाइन विमानतळ, नदीकाठ आणि होंगचाओचं रेल्वे स्टेशन एका दोऱ्यात ओवते. शांघायची मेट्रो 800 किलोमीटरहून जास्त पसरली आहे, तिकीट 3 युआनपासून, पाट्या आणि घोषणा इंग्रजीतही. प्रत्येक स्टेशनवर बॅग मशिनमधून घालावी लागते, वैतागू नका. एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती: तिथे स्टेशनपेक्षा बाहेर पडायच्या दाराचा नंबर महत्त्वाचा. मोठ्या स्टेशनाला पंधरा-वीस दारं असतात. चुकीच्या दाराने वर आलात तर हॉटेल समोर दिसतं आणि मध्ये आठ पदरी रस्ता. आणि शांघायला मोठी स्टेशनं एकाहून जास्त आहेत, तेव्हा रेल्वेचं तिकीट काढताना होंगचाओ, नुसतं शांघाय की शांघाय दक्षिण, हे नीट वाचा. सीएसएमटी आणि लोकमान्य टिळक टर्मिनसचा घोळ आपल्याला नवा नाही.

हॉटेलवाले तुमची पोलिसांकडची नोंद आपणच करतात, फक्त पासपोर्ट मागतील. कुणा ओळखीच्याकडे राहिलात तर मात्र 24 तासांत ही नोंद तुम्हाला करावी लागते. म्हणून हॉटेलच बरं.

बेडूक नि साप! बाई, तुमच्या यजमानांना सांगा, ते कुणी तुमच्या ताटात बळेच वाढत नाही, पैसे पडतात त्याला. खरी अडचण निराळी आहे. आपला शाकाहार तिथे शब्दाने कळत नाही. 'मांस नको' म्हटलंत तर डुकराचं मांस काढून त्याच वांग्यांत कोळंबी घालून आणतील, आणि त्यांच्या दृष्टीने तुमचं ऐकलेलं असतं. पाले-भाजी दिसते निव्वळ हिरवी, परतलेली असते चरबीत. घेवड्याच्या शेंगांवर खिम्याचे दाणे भुरभुरलेले असतात, आपण त्याला मसाला समजतो. म्हणून 'वो छ् सू', म्हणजे मी शाकाहारी, हे पाठ करा, पण त्यावर थांबू नका. एका कागदावर चिनीत लिहून घ्या: मांस, मासे, कोंबडी, कोळंबी, चरबी, चिकन पावडर, ऑयस्टर सॉस यातलं काही नको, अंडं चालेल. तो कागद स्वयंपाकघरात जाऊ द्या. बहुतेक वेळा आचारी स्वतः बाहेर येऊन तुम्हाला बघून जातो.

तुम्हाला अंडं चालतं म्हणजे निम्मा प्रश्न सुटला. टोमॅटो-अंड्याची भाजी आणि भात कुठल्याही साध्या खानावळीत मिळतो. बटाटा, वांगं, ढोबळी मिरची यांची एकत्र परतलेली भाजी असते, तिला 'ती सान श्येन' म्हणतात. आपल्या बाजूच्या माणसाला ती पहिल्या घासात ओळखीची वाटते. सकाळी गल्लीच्या तोंडाशी वाफेचे पाव विकतात, त्यातला हिरवी भाजी आणि मशरूमचा 'छाय-पाओ' मागा. गरम सोयादूध आणि तळलेली लांब पिठाची कांडी हाही तिथला नाश्ता. बशी हातात आली की मी दर वेळी मनात साबुदाणा वडा म्हणायचे, चालून जायचं. शांघायची खास म्हणजे पातीच्या कांद्याच्या तेलात कालवलेली शेवई. कधी त्यात सुकी कोळंबी असते, तेवढं विचारा.

एका जेवणासाठी मात्र मुद्दाम कुंगतलिनला जा. नानजिंग रोडच्या पश्चिम भागातलं हे शाकाहारी हॉटेल 1922 पासूनचं आहे, बौद्ध पद्धतीचं. बौद्ध मठांच्या स्वयंपाकात कांदा-लसूणही वर्ज्य, तेव्हा तुमच्या चातुर्मास पाळणाऱ्या मैत्रिणी किंवा जैन शेजारी कधी गेले तर त्यांनाही हा पत्ता द्या. मेन्यूत बदक, मासा अशी नावं दिसतील. ते सगळं सोयाबीनचं आणि गव्हाचं असतं. यजमान ताट बाजूला सारतील, दोन घास आग्रहाने भरवा.

खोलीत पाणी उकळायची किटली असतेच. पोह्या-उपम्याची तयार पाकिटं न्या, चिवडा न्या. ताजी फळं, दुधाचे पदार्थ, बियाणं नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. आणि एक थर्मास. चिनी माणूस गार पाणी पीत नाही. रेल्वेत, स्टेशनवर, विमानतळावर, संग्रहालयात उकळत्या पाण्याचे नळ असतात, फुकट. 'खाय-श्वेइ' म्हटलं की कुणीही बोटाने दाखवतं. सासूबाईंना हा देश या एका गोष्टीसाठी आवडेल बघा. आयुष्यभर त्या सांगत असतील, कोमट प्या, कोमट प्या. इथे एकशे चाळीस कोटी लोक त्यांच्या बाजूने आहेत.

शहरात काय बघायचं याची यादी मी देत नाही, ती कुठेही मिळेल. दोनच ठिकाणांविषयी बोलते. एक, वायथान, ज्याला इंग्रज 'बंड' म्हणत, तो ह्वांगफू नदीचा काठ. अंधार पडायच्या अर्धा तास आधी जा. एका बाजूला जुन्या दगडी पेढ्या आणि बँका, नदीपलीकडे 632 मीटरचा पीळ दिलेला शांघाय टॉवर आणि बाटली उघडायच्या हत्याराच्या आकाराचा शेजारी. दिवे एकदम लागतात तेव्हा हजारो माणसं एकाच वेळी 'वा' म्हणतात, चिनी 'वा' आपल्यासारखाच असतो. रात्री दहाच्या सुमारास ते मालवतात. उंच मनोऱ्यावर चढायला बक्कळ तिकीट आहे. त्यापेक्षा 2 युआन देऊन साध्या फेरीने नदी ओलांडा, सायकलवाल्यांबरोबर उभं राहून. तोच देखावा, शिवाय वारा.

त्या काठावर हिरव्या पिरॅमिडसारख्या छपराची एक इमारत दिसेल, आता तिथे हॉटेल आहे. ती 1929 साली व्हिक्टर ससूनने उभारली. हो, तेच ससून. पुण्याचं ससून हॉस्पिटल, मुंबईचा ससून डॉक, काळ्या घोड्याजवळची डेव्हिड ससून लायब्ररी ज्या घराण्याच्या पैशातून झाली, त्याच्या मूळ पुरुषाचा, डेव्हिडचा, हा पणतू. बगदादहून मुंबईत आलेलं हे घराणं कापूस आणि अफूच्या व्यापारावर मोठं झालं. माळव्याची अफू मुंबईच्या बंदरातून चीनला जात होती. वीस वर्षांपूर्वी आपल्याकडे 'मुंबईचं शांघाय करू' अशा घोषणा व्हायच्या. त्या छपराखाली उभं राहिल्यावर मला वाटलं, अर्धं शांघाय मुंबईच्या पैशांनी आधीच करून झालंय, आणि तो पैसा काही अभिमानाने मिरवावा असा नाही.

वाकडं असण्याबद्दल: राजकारण आहे, 2020 नंतर कडवटपणाही आला, नाकारत नाही. पण रस्त्यावर मला तो भेटला नाही. 'यिन्तू?' म्हणजे इंडिया का, असं विचारतात आणि पुढचा शब्द बहुधा आमिर खान असतो. साडी नेसलीत तर फोटोला रांग लागेल, नकोसं झालं तर हसून हात हलवा. राजकारणाच्या गप्पा तुम्ही काढू नका, पोलीस-लष्कराचे फोटो काढू नका. खरा धोका गोड बोलणाऱ्यांचा आहे. नानजिंग रोडवर छान इंग्रजी बोलणाऱ्या दोन मुली भेटतील, आम्ही विद्यार्थिनी, तुमच्याशी इंग्रजीचा सराव करतो, चला पारंपरिक चहा पिऊ. चहा पिऊन झाला की हजारो रुपयांचं बिल येतं. शिक्षिकेला तर ही हाक जास्तच गोड वाटणार, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आता सासूबाई. न्या. पण डोळे उघडे ठेवून. तिथे दिवसाला बारा-पंधरा हजार पावलं सहज होतात, जुन्या भागांत आणि बागांत शौचालयं बसायची भारतीय धाटणीची असतात आणि कागद आपला आपण न्यावा लागतो. गुडघ्याचं दुखणं असेल तर विमान कंपनीकडे चाकाची खुर्ची आधी सांगा, मेट्रोत लिफ्ट शोधा, आणि एक दिवसाआड दुपार हॉटेलवर. औषधं मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, प्रवासाचा विमा. रुग्णवाहिकेचा नंबर 120, पोलिसांचा 110. शांघायला आपली वकिलात आहे, तिचा नंबर त्याच हॉटेलच्या कागदावर मागच्या बाजूला लिहा. तिकिटाच्या खिडकीवर पासपोर्ट पुढे करून त्यांचं वय दाखवा. पुष्कळ ठिकाणी ज्येष्ठांना सवलत मिळते.

आणि त्यांच्यासाठी हे दुसरं ठिकाण. शनिवारी किंवा रविवारी दुपारी त्यांना पीपल्स पार्कमध्ये न्या. तिथे पायवाटेच्या दोन्ही बाजूंना उघड्या छत्र्या जमिनीवर ठेवलेल्या असतात, ऊन नसताना, पाऊस नसताना. प्रत्येक छत्रीवर एक कागद चिकटवलेला आणि मागे घडीच्या स्टुलावर एखादे आई किंवा वडील. कागदावर मुलाचं किंवा मुलीचं जन्मवर्ष, उंची, शिक्षण, पगार, स्वतःचं घर आहे की नाही. हा शांघायचा वधू-वर मेळावा. मुलं बहुधा हजर नसतात, पुष्कळांना तर पत्ताही नसतो. मी भाषांतराचं ॲप एका छत्रीवर धरलं तर आलं: '1991, मेंढा, 1.64 मीटर, स्वभाव शांत'. मेंढा म्हणजे त्यांच्या बारा प्राण्यांच्या चक्रातलं वर्ष, पत्रिकाच म्हणा. छत्रीमागच्या बाईंनी मला हाताने विचारलं, तुमचा मुलगा? मी मानेने नाही म्हटलं. त्यांनी माझ्यासाठी शेजारचं स्टूल सरकवलं, थर्मासच्या झाकणात गरम पाणी ओतून दिलं आणि पुन्हा येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघायला लागल्या. सासूबाई तिथे दोन तास मजेत बसतील, आणि तुम्हा दोघांना तेवढ्यात समोरचं संग्रहालय बघून होईल. फक्त ते उघडं आहे ना आणि नोंदणी लागते का, हे आधी बघून ठेवा.

फक्त अर्जाच्या गडबडीत एक विसरू नका. आज संध्याकाळीच सासूबाईंचा पासपोर्ट कपाटातून काढा आणि मुदत बघा. प्रवासाच्या तारखेनंतर निदान सहा महिने उरलेले हवेत. नसतील तर नूतनीकरणाला आत्ताच टाका, व्हिसा त्याच्या नंतर.